माइकवाल्याचं नाव

कविसंमेलन असो की मुशायरा, गेली तीस वर्षं मी माइकपुढे उभा राहत आलो आहे. शेवटी आभार मानताना अध्यक्षांपासून हारवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं घेतली जातात. मग घाईघाईनं येतं, ‘...आणि माइकवाले’. त्यांच्याकडे माना वळतात त्या फक्त माइकनं शिट्टी मारली की!

या कसबाच्या मानासाठी एक झगडा झाला, तो दूर न्यूयॉर्कला. तिथल्या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकांत नटांच्या केसांत बारीक माइक दडवलेले असतात. सगळे एकदम उघडे ठेवले तर शब्दांचा काला होतो. म्हणून प्रेक्षकांच्या मागे बसलेला ध्वनितंत्रज्ञ ज्याचं वाक्य त्याचाच माइक वर घेतो, वाक्य संपताच खाली आणतो. संहिता पाठ, कान नटाच्या श्वासाकडे. शिवाय दुपारी रिकाम्या सभागृहात जुळवलेला आवाज रात्री बदलतो, कारण भरल्या सभागृहात माणसं आणि त्यांचे कपडे आवाज पितात. कवितेतली यती सांभाळण्याइतकंच हे नाजूक.

ब्रॉडवेच्या टोनी पुरस्कारांत ध्वनिसंयोजनाला पहिल्यांदा जागा मिळाली २००८ मध्ये. २०१४ मध्ये ती काढून घेण्यात आली. या कामाची पारख कशी करायची हेच पुष्कळ मतदारांना कळत नाही, असं एक कारण तेव्हा वृत्तपत्रांतून आलं. म्हणजे परीक्षकाला सूर कळेना, म्हणून गाण्याची स्पर्धाच रद्द! निषेधाच्या निवेदनावर ३० हजारांहून अधिक सह्या झाल्या. अखेर २०१७ मध्ये निर्णय फिरला आणि २०१८ च्या सोहळ्यात हे पुरस्कार पुन्हा दिले गेले. मतदान मात्र या विषयातल्या जाणकारांपुरतंच ठेवायचं ठरलं. मला ही अट पुरस्काराहूनही मोलाची वाटते. माझ्या कवितेला हजारांनी टाळी दिली तरी वृत्त कुठे लंगडलं हे सांगणारा एखादाच असतो, आणि मी वाट त्याचीच पाहतो.

अर्थात, हा मान ध्वनीची आखणी करणाऱ्याचा आहे. आठवड्याला आठ प्रयोग अंधारात बसून ते माइक वरखाली करणाऱ्या माणसासाठी टोनीमध्ये वेगळा विभाग नाही.