कार्ड दवाखान्यात चालतं, घरातल्या कॉटचं काय?

"आईचं वय ७८, अंथरुणाला खिळून आहे. सरकारी कार्डावर तिची सोय होईल का?" कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज, सगळीकडून हा प्रश्न येतोय, म्हणून आजचा भाग त्याच्यावरच.

उत्तर आधीच सांगून टाकतो. ॲडमिट करायची वेळ आली, तर होईल. घरी वर्षानुवर्षं सांभाळायचा खर्च मात्र या कार्डातून मिळत नाही. हा फरक उशिरा कळला की लोक घाईघाईनं प्लॉट विकायला काढतात.

आता कार्ड म्हणजे कुठलं? २९ ऑक्टोबर २०२४ ला आयुष्मान भारतमध्ये ७० वर्षांवरच्या सगळ्यांना घेतलं. उत्पन्नाची अट नाही. पिवळं रेशनकार्ड असो नाहीतर बंगला असो, आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, पण हे ५ लाख कुटुंबाला आहेत. म्हणजे आई-वडील दोघंही सत्तरीपुढचे असतील तर दोघांत मिळून. घरावर आधीपासून आयुष्मान असेल, तर ज्येष्ठांसाठीचे हे ५ लाख वेगळे, त्यात पोरं-सुना वाटेकरी नाहीत. शिवाय आपली महात्मा फुले जन आरोग्य योजना आहेच.

वय धरतात ते आधारवरचं. आपल्याकडं निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एक जूनला, मास्तरांनी शाळेत घातलेला! तारीख चुकलेली असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. बोटांचे ठसे उमटत नसतील तर चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. ॲम्ब्युलन्स दारात उभी असताना ही कामं सुचत नाहीत बघा.

दवाखाना योजनेतला आहे एवढंच विचारू नका. "हा आजार, हे ऑपरेशन इथं योजनेत होतं का?" असं विचारा. कारण एखादा दवाखाना ठरावीक विभागांपुरताच योजनेत असू शकतो. तिथं आरोग्यमित्र बसलेला असतो, पहिल्यांदा त्याला गाठा.

माझ्या ओळखीतलं पेठेतलं एक घर सांगतो. आबांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन योजनेत झालं, सगळे निवांत. डिस्चार्ज झाला आणि खरा हिशेब तिथनं सुरू झाला. ब्युरोच्या मावशी दिवसाच्या पाळीला, रात्रीला दुसऱ्या. डायपर, हवेची गादी, फिजिओथेरपी. आयुष्मानच्या पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतची औषधं आणि तपासण्या धरलेल्या असतात. सोळाव्या दिवसापासून सगळं घरचं. थोरला गावात, धाकटा पुण्यात, बहीण निपाणीला दिलेली. पैसे तिघांनी वाटून घेतले, ते बरं केलं. पण थोरल्याच्या बायकोनं नोकरी सोडली, तिचा गेलेला पगार कुणीच हिशेबात धरला नाही. मला विचाराल तर वहीत तो आकडा सगळ्यात वर पाहिजे.

जपानमध्ये यासाठी वेगळा विमा आहे, २००० सालापासून. माणूस चाळिशीत आला की हप्ता सुरू होतो, आणि म्हातारपणी घरी मदतनीस येतो तो त्या विम्यातून. आपल्याकडं सरकारी योजनेत तसं काही नाही. जे आहे ते तुकड्यातुकड्यांत आहे.

वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना काठी, वॉकर, चष्मा अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात, घरचं उत्पन्न वर्षाला २ लाखांच्या आत असेल तर. अगदी गरीब घरांना श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये. त्यात मावशींचा पगार निघत नाही, हे मलाही कळतंय, पण डायपरचा खर्च थोडा तरी हलका होतो. ज्येष्ठांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात, जे अंथरुणातून उठू शकत नाहीत त्यांच्या घरी आरोग्य कर्मचाऱ्यानं भेट द्यायची तरतूद आहे. उपकेंद्रात किंवा आशाताईंकडं नाव घाला. नाव घातल्याशिवाय कोण येणार?

आणि भावंडांत एखादा हात वर करत असेल तर? २००७ चा कायदा आहे. आई-वडील प्रांत ऑफिसमधल्या न्यायाधिकरणात पोटगीचा अर्ज करू शकतात. कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. पण आईला पोराविरुद्ध अर्जावर अंगठा द्यायला लावणं सोपं नसतं, बहुतेक घरं तिथंच थांबतात. म्हणून डिस्चार्जच्या आधी, दवाखान्यातच सगळ्यांनी बसून ठरवा. महिन्याला किती, कुणी किती, आणि जो प्रत्यक्ष करणार त्याला सुट्टी कधी. एकदा घरी आलं की जो करतोय तोच करत राहतो.

दोन नंबर लिहून घ्या. आयुष्मानसाठी १४५५५, ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी एल्डरलाइन १४५६७. पुढच्या भागात मावशी ठेवताना कामाचं काय काय आधी बोलून घ्यायचं, ते बघू. तोवर आई-वडिलांचं आधार काढून त्यावरची तारीख तेवढी तपासा.