आनुवंशिकीचे शिक्षण आणि आपली ज्ञाती
(वार्षिक संमेलनातील भाषण)



मुलीने बी. एस्सी.ला आनुवंशिकी घेण्याची इच्छा दर्शविली, की घरात प्रश्न निघतो, "डॉक्टरकी सोडून हे काय?" त्याचे उत्तर देण्याचा मी यत्न करतो.

मेंडेलने वाटाण्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष १८६५ साली मांडले. मानवी जनुकसंचाच्या सुमारे तीनशे कोटी अक्षरांचे वाचन पूर्ण झाल्याचे २००३ साली जाहीर झाले. ही सारी विद्या पदवीच्या तीन-चार वर्षांत आकळावयाची, तर जीवशास्त्राच्या जोडीस रसायन, संख्याशास्त्र आणि संगणक यांचीही तयारी हवी. केवळ पाठांतराने निभावणार नाही.

आता आपल्या घरचा विषय. थॅलसेमियाचे सदोष जनुक माता आणि पिता दोघेही वाहत असतील, तर प्रत्येक अपत्यास तो तीव्र आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. वाहक स्वतः बहुधा धडधाकट असतो, म्हणून दोष कळत नाही. पिढ्यान्‌पिढ्या थोड्याच कुळांत सोयरीक होत राहिली, की असे दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढू शकतो. आपण पत्रिकेतील गुण काटेकोरपणे जुळवितो. साध्या रक्ततपासणीस मात्र कचरतो. वाहक असणे हा कलंक नव्हे, हे ही विद्या शिकलेली आपलीच कन्या आपणांस पटवून देईल.

तिला अडवू नका. आणि उद्या तिने ज्ञातीबाहेर पाहण्याचा सल्ला दिला, तर तोही शांतपणे ऐकण्याचे धैर्य आपल्या अंगी असो, एवढीच प्रार्थना.