ताकिदींचा कायदा
इंटरनेटवरून गाणी-चित्रपट फुकट उतरवून घेणाऱ्यांना जरब बसावी म्हणून सार्कोझी सरकारने फ्रान्समध्ये २००९ साली 'हादोपी' कायदा आणला. दोन ताकिदी, तिसऱ्यांदा जोडणी बंद! लाखो ताकिदी धाडल्या गेल्या. जोडणी तोडण्याची शिक्षा मात्र जून २०१३ मध्ये एकालाच झाली, तीही पंधरा दिवसांची. आणि पुढल्याच महिन्यात सरकारने ती शिक्षाच रद्द केली. पाळत होती ती लोक आपसांत फाइली वाटून घेत त्यावर. लोक शहाणे, ते सरळ संकेतस्थळांवरच चित्रपट पाहू लागले, जेथे ही पाळत पोचतच नव्हती. कलावंताला श्रमाचा मोबदला मिळालाच पाहिजे, याविषयी आपल्यात दुमत नाही. परंतु या ताकिदींतून त्याच्या पदरी काय पडले? दंडाची रक्कम तर सरकारजमा!