घरासाठी रिसीव्हर घेताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



आपल्या मंडळात आजवर लोणच्या-मुरंब्यांपासून मृत्युपत्रापर्यंत नाना विषयांवर भाषणे झाली आहेत. तरीही चिटणीसबाई जेव्हा मला म्हणाल्या, "तुम्ही त्या होम थिएटरच्या रिसीव्हरवर बोला," तेव्हा मला हसूच आले. मी काही इंजिनियर नव्हे. पण गेल्या दिवाळीत ही खरेदी मी स्वतः केली, आणि त्याआधी एकदा चुकीची केली, एवढ्याच अधिकारावर चार शब्द बोलणार आहे.

चुकीची गोष्ट आधी सांगते. आमच्याकडे नवा टीव्ही आला. हल्लीचे टीव्ही इतके पातळ असतात की आत चांगल्या स्पीकरला जागाच उरत नाही. आवाज बारीक येतो. म्हणून आम्ही एका दुकानातून स्वस्तातला तयार संच आणला. खोक्यावर हजारो वॉटचा आकडा होता. घरी लावला, तो मारामारी सुरू झाली की खिडक्यांची तावदाने थरथरत, आणि माणसे बोलू लागली की काही उमगू नये. आवाज वाढवावा तर पार्श्वसंगीत अंगावर येई.

महिनाभराने माझ्या ध्यानात आले की, रात्री आमच्याबरोबर बसणाऱ्या सासूबाई आताशा बसत नाहीत. विचारले तर म्हणाल्या, "डोळे दुखतात गं. तुम्ही बघा." डोळे तपासून आणले, ते ठणठणीत होते. शेवटी एके दिवशी त्यांच्याच तोंडून निघाले, "तुम्ही हसता म्हणून मीही हसते. पण कशाला हसले, ते मला ठाऊक नसते." भगिनींनो, मला फार लाज वाटली. हौसेने घरात आवाज आणला, आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाला त्यातून उठवून लावले!

कान तपासले, थोडी उणीव निघाली, डॉक्टरांनी यंत्र दिले. रिसीव्हर हा कानाच्या यंत्राला पर्याय नव्हे, हे मी आधीच सांगून ठेवते. पण यंत्र लावूनही बोलणे नीट कळेना, तेव्हा दोष आमच्या संचाकडेही आहे असे मी ठरवले आणि चौकशीला लागले.

रिसीव्हर म्हणजे टीव्ही, सेट-टॉप बॉक्स वगैरेंकडून आवाज घेऊन तो निरनिराळ्या स्पीकरांना वाटून देणारी पेटी. ५.१ असे लिहिलेले असते, त्यातले ५ म्हणजे पाच स्पीकर : समोर डावा, उजवा, मधला, आणि बाजूचे दोन. उरलेला १ म्हणजे जड आवाजाचा सबवूफर. चित्रपटातले बहुतेक संवाद मधल्या स्पीकरकडे येतात. म्हणजे सासूबाईंना जे ऐकायचे होते, ते सारे त्या एका मधल्या पेटीत होते. आणि आमच्या संचात तीच सर्वांत कुचकामी होती.

आता वॉटविषयी. वॉट दुप्पट केले तरी आवाजात फरक पडतो अवघा ३ डेसिबलचा. बेताच्या दिवाणखान्यात रोजच्या ऐकण्याला थोडे वॉट पुरतात. तेव्हा मोठ्या आकड्याला भुलू नका. 'पीएमपीओ' असे लिहिले असेल तर तो आकडा सोडूनच द्या. 'आरएमएस' विचारा, आणि तो एक चॅनेल चालू असताना मोजला की दोन, हेही विचारा. एकावर मोजला की आकडा फुगतो.

मग पाहायचे काय? मी चारच गोष्टी पाहिल्या.

पहिली, मधल्या स्पीकरची पातळी वेगळी वाढवता येते की नाही. आम्ही ती थोडी वाढवली आणि संवाद वर आले.

दुसरी, रात्रीची सोय. हिने मोठे आवाज दबतात आणि हळू आवाज उचलले जातात. मुलांच्या परीक्षा असल्या म्हणजे हिची किंमत कळते.

तिसरी, एचडीएमआयची 'एआरसी' खाच. ही सोय २००९ सालापासूनची आहे. टीव्हीच्या आणि रिसीव्हरच्या एआरसी खाचांमध्ये एकच तार जोडली की टीव्हीचा सगळा आवाज रिसीव्हरमधून येतो, आणि टीव्हीच्याच रिमोटने तो कमीजास्त होतो. मात्र टीव्हीच्या सेटिंगमध्ये ही सोय चालू करावी लागते. सोनी तिला ब्राव्हिया सिंक म्हणते, सॅमसंग एनीनेट आणि एलजी सिंपलिंक. सासूबाईंच्या हाती एकच रिमोट राहिला पाहिजे, ही माझी अट होती.

चौथी, मायक्रोफोन लावून खोलीचा आवाज आपोआप जुळवण्याची सोय. यामाहात तिला वायपाओ म्हणतात, डेनॉनच्या बऱ्याच यंत्रांत ऑडिसी. ही नसली तरी हाताने जुळवता येते. फक्त चिकाटी हवी.

सात आणि नऊ चॅनेलांच्या पेट्या दुकानदाराने पुष्कळ दाखवल्या. आमच्या खोलीत सोफ्यामागे भिंतच आहे. तिथे आणखी स्पीकर काय कपाळावर टांगायचे? आम्ही साधा ५.१ घेतला, आणि पैसे वाचवायला आधी समोरचे तीनच स्पीकर आणले. बाजूचे स्पीकर नाहीत असे रिसीव्हरला सेटिंगमध्ये सांगितले की त्यांचा आवाज तो समोरच्यांना वाटून देतो. रिसीव्हरवर सगळे पैसे घालून स्पीकर हलके घेण्यापेक्षा पेटी साधी आणि मधला स्पीकर चांगला, हे मला शहाणपणाचे वाटते.

दुकानात जाताना आपल्या ओळखीचे, भरपूर बोलणे असलेले काहीतरी सोबत न्या आणि तेच लावायला सांगा. दुकानदार मारामारीच लावतो. आणि ज्यांना ऐकू कमी येते, त्यांना बरोबर न्या. मी सासूबाईंना नेले होते. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाल्या, "हा बोलतोय ते कळतंय."

घरी आणल्यावर दोन पथ्ये पाळा. मधला स्पीकर कपाटाच्या आत ढकलू नका. कडेला आणून तोंड बसणाऱ्यांच्या कानाकडे करा. आणि रिसीव्हर तापतो, त्याला वर-बाजूला मोकळी हवा लागते. बंद काचेच्या कपाटात कोंडू नका, आणि कृपा करून त्यावर क्रोशाचा रुमाल घालू नका! हे मी स्वतःच्या रुमालाच्या अनुभवाने सांगते.

आता रात्री जेवणे झाली की सासूबाई सर्वांआधी येऊन बसतात. परवा एका विनोदावर त्या आमच्या आधी हसल्या. आम्ही सारे त्यांच्याकडेच पाहत राहिलो. भगिनींनो, खरेदी साधली की नाही याची याहून निराळी खूण मला माहीत नाही.

तेव्हा दुकानाची पायरी चढण्याआधी घरात एकदा पाहून घ्या, टीव्हीपुढून हल्ली कोण उठून जाते.