निकालाचा फलक आणि नववीची गाळणी



केळापूर तालुक्यातील कोलाम पोडावरचे मूल बहुधा घरी कोलामी बोलते, गावच्या शाळेत मराठी शिकते आणि खाजगी इंग्रजी विद्यालयात गेले की तिसऱ्या भाषेस सामोरे जाते. अशा मुलासाठी विद्यालय निवडताना पालक प्रवेशद्वारावरील निकालाचा फलक पाहतात. परंतु शंभर टक्के निकाल कसून शिकवूनही लागतो आणि कच्च्या विद्यार्थ्यास नववीतच थोपवून, १७ नंबरचा अर्ज भरावयास लावूनही लागतो. पहिली शिस्त, दुसरा निव्वळ धाक. फलकावर मात्र दोन्ही सारखेच दिसतात!

म्हणून नववीत किती विद्यार्थी होते व त्यांपैकी किती दहावीस बसले, हे विचारावे. वह्या तपासल्या जातात काय, तेही पाहावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान १,००० अध्यापन तास ठरविले असून मानसिक छळास मनाई केली आहे. विनाअनुदानित शाळाही त्यातून सुटत नाहीत. आठवीनंतर मात्र हे कवच संपते. शिवाय या शाळांना व्यवस्थापन समिती नेमण्याचे त्या कायद्याचे बंधन नाही. तेव्हा पोडावरील पालकाच्या वतीने हा प्रश्न पंचायत सदस्यांनाच विचारावा लागेल.