छापील पान आणि पडद्यावरील पान



वाचन म्हणजे केवळ अक्षरांचा उच्चार नव्हे, हे प्राथमिक शिक्षकास निराळे सांगावयास नको. अक्षर ओळखणारे मूल आणि अर्थ ग्रहण करणारे मूल यांत केवढे अंतर असते, ते तो वर्गात नित्य पाहत असतो. एके काळी मुलाच्या हाती वाचावयास छापील पुस्तकच असे. आता पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड आला आहे, २०१७ साली सुरू झालेले ‘दीक्षा’ हे व्यासपीठ आहे, आणि पुष्कळ घरी मोबाईल आहे. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा अनेक ठिकाणी धडे त्या मोबाईलवरूनच पोहोचविण्यात आले. म्हणून या दोन साधनांवरील वाचनात भेद पडतो काय, आणि पडत असल्यास तो कशामुळे, याचा विचार शिक्षकाने करणे अगत्याचे झाले आहे.

या प्रश्नावर निरनिराळ्या देशांत पद्धतशीर संशोधन झाले आहे. नॉर्वेमधील ॲन मॅन्गेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दहावीच्या ७२ विद्यार्थ्यांना तेच उतारे, काहींना कागदावर व काहींना संगणकाच्या पडद्यावर, वाचावयास दिले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, आकलनाच्या प्रश्नांत कागदावर वाचणारे सरस ठरले. पुढे २०१८ साली डेलगादो व इतर संशोधकांनी २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यास एकत्र पडताळून पाहिले. त्यांत १,७१,०५५ वाचकांचा समावेश होता. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो, वेळेचे बंधन असल्यास हा फरक वाढतो, मात्र केवळ कथा वाचावयाची असल्यास तो आढळत नाही, असे त्यांस दिसून आले. फरक फार मोठा नाही. परंतु तो वर्षांगणिक कमी होण्याऐवजी वाढत गेला, ही गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. नवी पिढी सवयीने आपोआप तयार होईल, या समजुतीस त्यामुळे आधार उरत नाही.

याचे कारण डोळ्यांत शोधण्यापेक्षा मनात शोधणे अधिक योग्य होईल. इस्रायलमधील ॲकरमन व गोल्डस्मिथ यांनी २०११ साली एक मार्मिक प्रयोग मांडला. अभ्यासाचा वेळ ठरवून दिला तेव्हा दोन्ही गट सारखेच ठरले. तो वेळ वाचकांच्या मर्जीवर सोपविताच पडद्यावर वाचणारे मागे पडले. आपणांस किती समजले आहे याचा त्यांचा अंदाज चुकत होता, आणि कोठे थांबावे व कोठे पुन्हा वाचावे याचेही भान त्यांस नीट राहत नव्हते. तात्पर्य, पडदा समजण्याची शक्ती हिरावून घेत नाही. तो ‘समजले’ असा भास मात्र लवकर उत्पन्न करतो.

दुसरे कारण स्थळाचे आहे. वाचलेली माहिती पानाच्या कोणत्या भागात होती, हे वाचकाच्या सहज स्मरणात राहते, असे रॉथकॉफ यांनी १९७१ सालीच दाखविले होते. छापील पुस्तकात प्रत्येक ओळीस तिचे ठिकाण असते. मोबाईलवर तीच ओळ बोटासरशी वर सरकते व दिसेनाशी होते.

बालवाचकांविषयीचा निष्कर्ष तर शिक्षकास विशेष उपयुक्त आहे. २०२१ साली एक ते आठ वर्षांच्या १,८१२ मुलांविषयीचे ३९ अभ्यास एकत्र तपासण्यात आले. पुस्तक केवळ जसेच्या तसे पडद्यावर आणले असता मुलांस गोष्ट कमी समजली. गोष्टीच्या आशयास पूरक अशी चित्रे व हालचाल जोडली असता पडद्यावरील पुस्तकाचा लाभ झाला. पण मूल एकट्याने पडद्यावर वाचते त्यापेक्षा मोठ्या माणसाने जवळ बसून, प्रश्न विचारीत छापील पुस्तक वाचून दाखविणे अधिक फलदायी ठरले. अर्थात, साधन कोणते याहून सोबत कोण आहे, हा प्रश्न मोठा आहे.

यावरून वर्गातील मार्ग स्पष्ट होतो. परिसर अभ्यासाचा पाठ किंवा गणितातील शाब्दिक उदाहरण प्रथम पुस्तकातूनच वाचून घ्यावे. मोबाईलवर पाठ वाचला असेल, तर ‘समजले का?’ असे विचारू नये, कारण ‘हो’ हे उत्तर ठरलेलेच असते. पडदा बाजूस ठेवावयास सांगून ‘काय समजले?’ असे विचारावे आणि दोन वाक्ये वहीत लिहून घ्यावी. तथापि मोबाईलचा द्वेष करण्याचे कारण नाही. मंद दृष्टीच्या मुलासाठी अक्षर मोठे करता येते. ज्याच्या घरी कोरकू, गोंडी किंवा पावरी बोलली जाते, त्या मुलास प्रमाण मराठीचा उच्चार पुनःपुन्हा ऐकविता येतो. ज्या गावी ग्रंथालय नाही, तेथेही नवी गोष्ट पोहोचते.

शेवटी एका गोष्टीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. काही शाळांत गोष्टींची पुस्तके कपाटात कुलूपबंद असतात. ती फाटतील, हरवतील आणि नोंदवहीत त्रुटी निघेल, ही शिक्षकाची भीती निराधार नाही. परंतु कुलपाआडच्या पुस्तकाची मोबाईलशी स्पर्धाच होत नाही. ते आधीच हरलेले असते. ज्या मुलाच्या घरी एकही पुस्तक नाही, त्यास छापील पान शाळेतच मिळावयाचे, अन्यथा कोठेच नाही. शाळाप्रमुखांनी व तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी झिजलेल्या पानांकडे हानी म्हणून न पाहता उपयोगाची खूण म्हणून पाहावे. मुलांच्या हातांनी मळलेले पुस्तक हे शाळेस भूषणावह आहे, आणि वर्षानुवर्षे कोरे राहिलेले पुस्तक हीच खरी हानी होय.