‘सोसायटी’ची कुळकथा

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मला पाच मिनिटं दिली आहेत, म्हणून एकाच शब्दाबद्दल बोलतो. सोसायटी. ‘टाकी सोसायटीने साफ करावी’, ‘लिफ्टचं सोसायटी बघेल.’ जणू सोसायटी म्हणजे कोणी तिसराच माणूस, आणि तोही कायम बाहेरगावी!

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात फ्रेंचमधून आला. फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधून आलेला. तिथे ‘सोकिउस’ म्हणजे सोबती. प्लॉट, पार्किंग, शेअर सर्टिफिकेट यांतलं मुळात काहीच नाही.

त्याच्याही मागे गेलं की खरी गंमत आहे. 1786 साली सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत (तिथेही सोसायटीच!) सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात. पुढे अभ्यासकांनी शब्दांची नाती जुळवली. लॅटिनमध्ये जिथे ‘ओ’, तिथे संस्कृतात पुष्कळदा ‘अ’ असतो. ऑक्टोबरमधला ‘ऑक्टो’ म्हणजे आठ, तो आपला ‘अष्ट’. तसाच सोकिउसचा भाऊबंद आपला ‘सखा’. दोघांच्या मुळाशी अर्थ एकच : मागोमाग जाणे, सोबत करणे. संस्कृतातला ‘सच्’ धातूही त्यातलाच, आणि ‘सचिव’ त्यावरूनच आला. इंग्रजी ‘सेक्रेटरी’ मात्र ‘सीक्रेट’च्या घरातला, गुपितं राखणारा. आपले हिशेब नोटीस बोर्डावर लागतात, तेव्हा आपल्याला सचिवच बरा.

बोर्डावरून आठवलं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये भिवंडीतले लूम थांबले. ती खटखट बंद झाल्यावर आपल्याला झोप येईना. कामच नाही, त्यामुळे काही घरांचा मेंटेनन्स थकला. थकबाकीदारांची यादी बोर्डावर लावायची का, यावर कमिटीत वाद झाला. मी ‘लावाच’ म्हणणाऱ्यांत होतो, हे आज सांगून टाकतो. यादी लागली नाही. ज्यांची नावं त्यात आली असती, त्यांच्यापैकीच एकाने पुढचा महिनाभर वरच्या मजल्यांवरच्या म्हाताऱ्यांना दूध आणि औषधं पोहोचवली. त्यात माझंही घर होतं.

चौथ्या मजल्यावर, जिन्याने. लिफ्ट तेव्हाही बंदच होती.